डावीकडे ओढणारं विमान

सुदर्शन वाळुंजला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते लोणीच्या घाटात, २००१च्या फेब्रुवारीत. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढती, सरळ धाव. त्या सकाळी ती रिकामी होती आणि मधोमध एक तिशीचा माणूस मातीला गाल टेकवून पालथा पडला होता. फीट आली असेल म्हणून मी धावत गेलो.

"चाकं बघतोय, गुरुजी," तो न उठताच म्हणाला. "लई डावीकडं वढतंय."

त्याच्यापुढे रिमोटवर उडणारं विमान होतं. सुदर्शन एसटी थांब्याजवळच्या आपल्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने हे अडगळीतलं मोडकं विमान त्याला देऊन टाकलं, आणि त्याने ते चालू केलं. पंचांनी परस्पर ठरवलं, यात्रेत शर्यती संपल्या की सुदर्शनचं विमान उडणार. यात्रा आठ दिवसांवर होती. त्या दिवशी घाटाच्या दोन्ही कडा माणसांनी भरतात. डाव्या कडेला बाभळीखाली त्याची आई, प्रयागबाई, बसायची.

सुदर्शनने अंगठ्यावरचे टाके दाखवले. "पंख्यानं हे केलं. आन् तिथं आई बसती."

विमान सरळ धावावं म्हणून त्याने रिमोटवरची ट्रिमची बारीक पट्टी उजवीकडे सरकवली. त्या पट्टीने पुढचं चाक आणि शेपटीचं सुकाणू दोन्ही वळतात. विमान सरळ धावलं. मला हायसं वाटलं, तेवढ्यात चाकं सुटली आणि ते उजवीकडे, मी उभा होतो तिकडेच वळलं. मी आडवा झालो. पंखा डोक्यावरून घरघरत गेला आणि विमान मागच्या उसात पडलं.

सुदर्शनचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या हातानं मेला असता तुमी."

"मेलो नाही. बस खाली."

पुढचे चार दिवस तो घाटाकडे फिरकला नाही. मी घरी गेलो तर प्रयागबाई म्हणाल्या, "जेवत न्हाई, गुरुजी. ताटावरून उठून चाकं फिरवत बसतोय."

पाचव्या दिवशी तो स्वतःच आला. खोड जमिनीवरची होती आणि त्याच्या उपायाने सुकाणू हवेतही वाकडं राहिलं होतं, हे त्याला उमगलं होतं. ट्रिम मधोमध आणून त्याने डावं चाक उघडलं. आसाची तार किंचित वाकली होती, त्यामुळे चाक अडत होतं. तार सरळ केल्यावर विमान तीनदा धावलं, तीनदा सरळ उडालं. त्याची भीती मात्र गेली नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही.

"जरा जरी वढलं तर इंजिन बंद," तो म्हणाला. "मग कोन काय म्हनंल ते म्हनूदे."

यात्रेत शेवटचा गाडा गेला तेव्हा उधळलेल्या भंडाऱ्याने घाट पिवळा झाला होता. सुदर्शन लोकांना मागे सरा म्हणून विनवत होता. पंचांतले सावळेराम हसले.

"अरं राव, बैलं अंगावर येत्यात तरी मान्सं हालत न्हाईत. तुझ्या चिमणीला भ्यायची व्हय?"

कुणीही हललं नाही. बाभळीखाली प्रयागबाई पदर सावरून बघत होत्या. विमान सुटलं. अर्धा घाट ते सरळ गेलं आणि मग नाक डावीकडे झुकलं, फार तर वीतभर. त्याच क्षणी सुदर्शनने इंजिन बंद केलं. घरंगळत विमान थांबलं ते प्रयागबाईंपासून दहा पावलांवर.

घाटभर हशा पिकला. "उडलं का रं?" कुणीतरी ओरडलं. सुदर्शनने विमान उचलून डावं चाक फक्त मला दाखवलं. आसाला तेल लागलेलं होतं आणि त्यात भंडारा बसून चिकट लगदा झाला होता.

विमान त्याने पुन्हा कधी घाटात नेलं नाही. दुकान अजून एसटी थांब्याजवळच आहे. फरशीवर ऑइलपेंटची एक रेघ आहे. मोटर सुरू करायच्या आधी सुदर्शन प्रत्येक गिऱ्हाइकाला, सावळेरामांनाही, त्या रेघेमागे उभं करतो.