अब्बांचा मोडलेला रोजा

घाबरणं हा माझा पिंडच आहे. नवरा मस्कतला, आई जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी आणि अब्बा. त्यांना दुकानातून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी माझ्या डोळ्यांसमोर नको नको ती चित्रं उभी राहतात. नमाजानंतर दुआसाठी हात उचलते, तेव्हाही मी अल्लाहकडे काही मागते असं म्हणवत नाही, काळज्यांची यादी वाचून दाखवते. 'भरवसा' हा शब्द शाळेत मुलांना वाक्यात उपयोग करायला देते, पण मला स्वतःला त्याचा उपयोग कधी जमला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं ते एखाद्या मोठ्या श्रद्धावान बाईच्या बाबतीत घडलं असा कुणाचा समज व्हायला नको.

त्या रमजानात माझी काळजी एकच होती, अब्बांची साखर. महाडात त्यांचं मोटर वायंडिंगचं छोटं दुकान आहे. पोलादपूरपर्यंतच्या सगळ्या वाड्यांत त्यांना वायंडिंगवाले चाचा म्हणूनच ओळखतात. डॉक्टरांनी रोजे धरू नका असं बजावलं होतं. अब्बांचं म्हणणं, डॉक्टरांना आपल्या धर्मातलं काय कळतं. मग मी मौलानांना घरी बोलावलं. तेही म्हणाले की आजाऱ्याला सवलत आहे, ती अल्लाहनेच दिलेली आहे, प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घाला म्हणजे झालं. अब्बांनी मान डोलावली, त्यांना चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं आणि मागे वळून मला म्हणाले, "सवलत आजाऱ्याला हाय. मी आजारी कुठं हाय गो?" वयाच्या नवव्या वर्षापासून त्यांनी एकही रोजा चुकवला नव्हता. पहाटे सहरीच्या जेवणाला मी साखर तपासायचं यंत्र काढलं की माझ्यावर उपकार केल्यासारखं बोट पुढे करायचे.

मी बिरवाडीच्या एका शाळेत शिकवते. रमजान लागला की स्टाफरूममध्ये दरवर्षी तेच प्रश्न येतात. पाणीसुद्धा नाही? थुंकीसुद्धा गिळत नाही म्हणतात, खरं का? लहान मुलांनाही उपाशी ठेवता का? आमच्या सावंतबाईंनी तर पहिल्या वर्षी उपासाला चालते म्हणून माझ्यासाठी डबाभर साबुदाण्याची खिचडी आणली होती. त्यांचा चेहरा उतरू नये म्हणून तो डबा मी घरी नेला आणि संध्याकाळी रोजा सोडून खाल्ला. सुरुवातीला मी सगळं नीट समजावून सांगायची. नंतर कंटाळा आला. मोबाईलवर आमच्याबद्दल काय काय फिरतं ते मीही वाचते, आणि वाचून झालं की फोन उलटा ठेवून वह्या तपासायला घेते. वर्गावर एक मिनिट उशीर होऊ द्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही, एवढंच माझं उत्तर. प्रश्नांतून मी हसून अर्ध्या वाक्यात मोकळी व्हायची. "हो, पाणीसुद्धा नाही." पाण्याशिवाय राहणारे आम्ही, असा त्यात थोडा तोराही असायचा. आजारी माणसाला, प्रवाशाला, पोटुशी बाईला रोजा नाही, हे पुढचं अर्धं वाक्य मी केव्हा गाळायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

असंच एक अर्धं वाक्य मी आदल्या वर्षी धोंडूमामांना दिलं होतं. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे. वाडीच्या विहिरीवरची मोटर सांभाळायचं काम त्यांच्याकडे. मोटरीचं काही विचारायला ते भर दुपारी आमच्याकडे आले होते. मी त्यांना पाणी दिलं, आणि अब्बा पाणी घेत नाहीत हे पाहून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रोजा आहे त्यांचा. जीव गेला तरी पाण्याचा थेंब घेणार नाहीत आमचे अब्बा." धोंडूमामांनी पेला खाली ठेवला आणि हात जोडले. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. सणाला वाडीत मुंबईकर आले, पाणी दुपटीनं लागलं, आणि मोटर जळली. मुंबईकर परत गेले, मागे म्हातारी माणसं उरली, आणि विहीर पोहऱ्याला दाद देणार नाही इतकी खोल, म्हणून ती लांबच्या झऱ्यावरून हंडे वाहत होती. अब्बांनी जळलेली तार काढून मोटर नव्यानं बांधून तयार केली. शनिवारी सकाळी मला म्हणाले की पोलादपूरला मोटर पोचवतो आणि येतो. वर वाडीपर्यंत जाणार आहे, हे त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि माझा फोन वाजला. धोंडूमामा होते. त्यांच्या वाडीत नेटवर्क नाही, त्यासाठी चढून देवळाच्या वर जावं लागतं. त्यांना दम लागला होता.

"ताई, चाचांना घेरी आली विहिरीवर. घामानं भिजल्यात, धड बोलत नायत. पाणी देऊ का नको ते इचारायला फोन केलाय. रोजा हाय ना त्यांचा."

मी तोंड उघडलं आणि फोन कटला. पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा पुन्हा लावत राहिले. त्यांनी मला परवानगी विचारली होती आणि माझा एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. साखर एकदम उतरली की माणूस किती वेळात हातचा जातो हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. वाडीत घराघरात गूळ होता, पण कुणी तो अब्बांच्या तोंडाला लावणार नव्हतं, कारण लावू नका असं मीच सांगून ठेवलेलं होतं.

सावंतबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काय झालं ते दोन वाक्यांत ऐकलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. पोलादपूरपर्यंतचा तो रस्ता मला आजही तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मागे बसून मी फोन लावत होते, आणि फोनमधली ती बाई दरवेळी तेवढ्याच शांतपणे सांगत होती की ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आमच्याबद्दलचे गैरसमज द्वेषातून येतात असं मी धरून चालले होते. हा गैरसमज आदरातून आला होता. हात जोडणाऱ्या माणसानं तो जिवापाड जपला होता, आणि तोच आता माझ्या बापाचा जीव घेणार होता. मला अब्बांचा राग आला, धोंडूमामांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. दुआ करू म्हटलं तर शब्द सुचेनात. नेहमीची यादी कुठल्या कुठे गेली. शेवटी ओठांवर एवढंच आलं, "ते तुझेच आहेत. माझ्या हातात आता काही नाही." हे मी भक्तीनं म्हटलं नाही, हात टेकले म्हणून म्हटलं. पण ते म्हटल्यावर मी फोन पिशवीत टाकला आणि पुन्हा लावला नाही.

पोलादपूरच्या स्टँडवर उतरून वर जाणारी जीप शोधत होते, तेवढ्यात एका जीपवाल्यानं मला हटकलं. "वायंडिंगवाल्या चाचांची मुलगी ना तुम्ही? त्यांना आत्ताच दवाखान्यात सोडलंय." जिवंत आहेत का हे विचारायची मला हिंमत झाली नाही. मी दवाखान्यापर्यंत धावत गेले.

अब्बा खाटेवर उशीला टेकून बसले होते. हाताला सलाईन, कपाळ कोरडं, चेहरा रुसलेल्या मुलासारखा. मला पाहून पहिलं वाक्य काय बोलावं त्यांनी? "रोजा मोडला गो माझा." मी तिथेच जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले.

मग धोंडूमामांनी झालेलं सांगितलं. फोन कटल्यावर ते उतरून विहिरीवर आले. त्यांची बायको अब्बांचं डोकं मांडीवर घेऊन वारा घालत होती. पाण्याचा तांब्या शेजारीच होता, पण अब्बांनी ओठ घट्ट मिटलेले. दोघं नवरा-बायको रडत होती आणि तांब्याला हात लावत नव्हती. त्याच वेळी वरच्या रस्त्यावर एक जीप इंजिन तापून थांबलेली होती. रेडिएटरला घालायला वाडीत पाणी नव्हतं, म्हणून इंजिन निवायची वाट पाहत माणसं सावलीला बसली होती. त्यातली एक म्हातारी बाई गलबला ऐकून खाली आली. घाटावरची होती, वाडीत तिला कुणी ओळखत नव्हतं. ती मुंबईत एका मुसलमान घरी वीस वर्षं धुणीभांडी करत होती म्हणे. अब्बांचा घाम बघून तिनं फक्त विचारलं की यांना साखर आहे का. धोंडूमामांनी रोज्याचं सांगितलं, तर त्यांच्यावरच डाफरली.

"आमच्या बाईंना साखर होती, त्या कधी रोजा धरायच्या नाहीत. त्यांचा देव काय वैरी आहे का माणसांचा? गूळ आणा आधी."

तिनं गूळ कुस्करला, मिटलेल्या ओठांत बोट घालून अब्बांच्या हिरड्यांना चोळला, थोडा थोडा करून. अब्बांनी तोंड फिरवलं तर तिनं त्यांना एकेरीवर येऊन दटावलं. मग त्यांनी डोळे उघडले. तोवर इंजिनही निवलं होतं. अब्बांना त्याच जीपमध्ये घातलं, उतारभर ती त्यांना धरून बसली, आणि स्टँडवर साताऱ्याची गाडी लागलेली दिसताच पिशवी उचलून निघून गेली. तिचं नाव कुणी विचारलं नाही. मी स्टँडवर पोचले तेव्हा ती गाडी सुटून पाचच मिनिटं झाली असतील. वाडीची मोटर चालू असती तर रेडिएटरला पाणी मिळालं असतं आणि ती बाई केव्हाच पुढे गेली असती, असा विचार माझ्या मनात आला. त्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. दुआमध्ये तिच्यासाठी मागते तेव्हा नाव नाही म्हणून नुसतं 'ती' म्हणते.

धोंडूमामा माझ्यासमोर हात जोडून उभे होते. "ताई, माझ्याकडून पाप झालं असतं आज."

"पाप माझ्याकडून झालं असतं, मामा," मी म्हटलं. आणि गेल्या वर्षी गाळलेलं ते अर्धं वाक्य मी तिथे, खाटेशेजारी बसून पूर्ण केलं. आजाऱ्यानं रोजा धरायचा नाही. जीव धोक्यात असेल तर रोजा सोडायचा, आणि तो सोडणं म्हणजे अल्लाहचं ऐकणंच आहे. बाळंतिणीला नाही, प्रवाशाला नाही, लेकरांना नाही. सावंतबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. इतकी वर्षं एका टेबलावर बसून त्यांनाही मी हे कधी पुरतं सांगितलं नव्हतं.

धोंडूमामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मग चाचांना हे ठावं नव्हतं?"

अब्बांनी नजर सलाईनच्या नळीकडे वळवली. मग म्हणाले, "ठावं हुतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बांनी जेवायच्या आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. इतकी वर्षं उपाशी राहून त्यांनी जे कमावलं ते आपण हिरावून घेतलं की काय, असं वाटून मी आत जाऊन उभी राहिले. अल्लाहला शरण जाणं म्हणजे भूक-तहान सोसणं, एवढंच आम्हा बापलेकीला माहीत होतं. सोसायला अब्बा कधीच मागे हटले नसते. देणाऱ्यानं दिलेली सूट खाली मान घालून घेणं त्यांना जड जात होतं. मलाही ते जडच जातं, फक्त माझ्याकडे रोज्याऐवजी काळजी आहे. ती सोडून दिली तर अब्बांचं काय होईल, असं मला वाटायचं. स्कूटरवर एकदा ती माझ्या हातून सुटली, आणि अब्बा घरी आले.

पुढच्या शनिवारी अब्बा न्याहारी करून, गोळी घेऊन वाडीवर गेले. या वेळी मीही बरोबर होते. त्या दिवशी तशीच राहिलेली मोटर बसली, स्टार्टर दाबला, आणि थोड्या वेळानं वाडीतल्या नळाला खळखळत पाणी आलं. बाया हंडे घेऊन जमल्या. धोंडूमामांच्या बायकोनं पहिलं पाणी पेल्यात धरलं आणि तो घेऊन ती अब्बांसमोर घुटमळली. देऊ की नको ते तिला कळेना. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती.

अब्बांनी हात पुढे केला. बिस्मिल्लाह म्हणून ते खाली बसले आणि सगळ्यांसमोर, सावकाश, पेला रिकामा केला. मग मिशा पुसून म्हणाले, "मला रोजा नाय. अल्लानं नको म्हणून सांगितलंय. मीच ऐकत नव्हतो."

एवढं बोलून त्यांनी पेला पुन्हा पुढे केला आणि आणखी पाणी मागितलं.