मामा तोच सासरा

आमच्या नागपूरच्या संगणक केंद्रात कोणी नवीन आलं की नातेबाई आधी त्याचं गाव विचारत, मग मामाचं गाव, आणि चहा संपायच्या आत त्याला कोणाचा तरी दूरचा भाचा ठरवून मोकळ्या होत. उमरेडच्या विणकराघरच्या त्या. धागा हाती लागला की सोडायच्या नाहीत. नाव आम्हीच पाडलेलं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकाअखेरीस कामही त्यांना नात्यागोत्याचंच मिळालं. एका कारखान्यातल्या यंत्रांचा कोणता भाग कशाला जोडलाय, याचं जाळं जुन्या संगणकात होतं. त्याला विचारायचे प्रश्न आम्ही नव्या संगणकाच्या भाषेत उतरवत होतो. मला दोन्ही भाषा सारख्याच परक्या. बाई म्हणाल्या, "जुनीले रस्ता सांगा लागते वं. इकडून जा, तिकडे वळ. नवीले फक्त सांगायचं, मले कोण पाहिजे."

प्रश्न आधी फळ्यावर गोल आणि बाण काढून मांडायचा, मग बोलीत मोठ्यांदा म्हणायचा, हा त्यांचा नियम. मला त्याचा भारी कंटाळा.

माझी नोकरी कायम व्हायची होती. पंप बंद पडला तर कोणते भाग तपासायचे, हा प्रश्न साहेबांसमोर दोन्ही भाषांत चालवायचा आणि उत्तरं जुळली पाहिजेत, अशी परीक्षा. फळ्याला फाटा देऊन मी परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रश्न चालवून पाहिला. जुन्याचे भाग सोळा, माझे सतरा! मला रडूच फुटलं.

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि खो खो हसल्या. "अवं, हे बेअरिंग मोटरीकडूनही आलं, दांड्याकडूनही आलं. मामाच सासरा होय हा! नाती दोन, माणूस एक. पंगतीत पानं दोन काहून मांडून राहिली?"

माझ्या वडिलांनी मामाचीच मुलगी केलेली, तरी मला हे सुचू नये! एकाला एकदाच मोज, असं सांगणारा एक शब्द घातला आणि सोळाला सोळा जुळले. साहेबांनी दुपारी सही केली.

माझी आई काटोलला. मला ताप आला की बाईच पिठलं-भाकरी घेऊन खोलीवर हजर होत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या पंगतीत मी त्यांच्यासाठी शेजारी-शेजारी दोन पानं मांडली.

"काहून वं, मले दोनदा मोजून राहिली?"

"नाती दोन, बाई. एक पान माझ्या गुरूचं, एक मावशीचं."

आयुष्यभर आमच्या चुका धरणाऱ्या बाईंनी चष्मा पुसला, त्या ही चूक न धरता बसल्या आणि दोन्ही पानांवरचं जेवल्या.