विलास पेट्रोल म्हणाला होता

किसन भोईरचा फोन रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आला. किसन आमची पिकअप चालवतो. मी अंबरनाथला घरी जेवायला बसलो होतो. तो म्हणाला, "भाऊ, दादा गेले." मी विचारले, कोण दादा? किसन दादा म्हणतो असा माणूस एकच होता, हे मला माहीत होते, तरी विचारले. "विलासदादा. गाडीतच गेले." कुठल्या गाडीत? तो म्हणाला, "आपल्या..."

या घटनेला आता पाच आठवडे झाले. विलास साळवे सत्तावन्न वर्षांचा होता. रक्तदाब नव्हता, साखर नव्हती, तंबाखू कधीच सोडलेली होती. त्याचे गॅरेज अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीलगत आहे, आणि डिझेल इंजिनाचे काम करणारा त्याच्यासारखा माणूस बदलापूरपासून शहाडपर्यंत नाही, असे त्याच्या धंद्यातले लोकच सांगत. मी त्याला तीस वर्षे ओळखत होतो. त्याच्या जाण्याविषयी अजून मला नीट काही वाटतही नाही. घडले ते क्रमाने सांगता येते, म्हणून ते सांगतो.

आमची पहिली भेट शहाडच्या पुलाजवळ झाली. मी तेव्हा बातमीदार होतो. मतमोजणीचा दिवस होता आणि वर्तमानपत्राने दिलेली भाड्याची डिझेल जीप मध्येच बंद पडली होती. ड्रायव्हरने बॉनेट उघडून हात टेकले होते. समोरून सायकलवर चाललेला एक किडकिडीत तरुण थांबला, काही न विचारता वाकला, एक नट सैल केला आणि पंपाची मूठ अंगठ्याने दाबत राहिला. नटातून फेस आला, मग फेस थांबून नितळ डिझेल आले. त्याने नट आवळला. "लाइनीत हवा धरली होती. मारा स्टार्टर." जीप सुरू झाली. मी खिशात हात घातला तर म्हणाला, "चहा पाजा. पण आधी निकाल घेऊन या." संध्याकाळी मी खरोखरच परत गेलो, तेव्हा कळले की तो उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एका सिंधी मालकाच्या वर्कशॉपमध्ये डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करायला शिकतो आहे. तिथे तो अकरा वर्षे होता. सिंधी त्याला इतके येई की गिऱ्हाईक त्याला आडनाव विचारत, आणि साळवे म्हटल्यावर पुन्हा विचारत. मालकाने त्याला स्वतःचे गॅरेज टाकायला उठवून बाहेर काढले, असे तो सांगे. "साईं म्हणाला, विलास, अब तू मेरे यहाँ बैठा तो मैं तुझे खराब कर दूँगा."

स्वतःच्या गॅरेजमध्ये त्याची एक रीत होती, आणि पुढे जे झाले त्याला ती कारण ठरली. तो काम परत पाठवी. ट्रकवाला इंजिन उतरवायच्या तयारीने येई आणि विलास ऐकून सांगे, "नको उघडू. वर्षभर चालेल. पावसाळ्यानंतर ये." आपल्या पदरात पडणारे काम आपल्या तोंडाने सुचवणे त्याला जमतच नसे. माझ्या भावाच्या टेंपोचे इंजिन त्याने असेच दोन वेळा परत पाठवले. तिसऱ्या वेळी भाऊ वैतागून म्हणाला, "साळवे, तुमचं दुकान आहे की दवाखाना? दवाखान्यात तरी लवकर अॅडमिट करून घेतात." विलास हसला आणि त्याने इंजिन चौथ्या वेळी घेतले. आम्ही सगळे त्याला या एका गोष्टीवरून ओळखत होतो. ओळखतो, असे आम्हाला वाटत होते.

बदलापूरच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत तीन पाडे आहेत. डांबरी रस्ता संपल्यावर सहा किलोमीटर दगडामातीची वाट, मध्ये खोल उतरून एक ओढा, ओढ्यानंतर पुन्हा चढ. तिथून आजारी माणसाला झोळीतून खाली आणत. आम्ही पाच-सहा जणांनी मिळून त्या पाड्यांसाठी एक गाडी घ्यायचे ठरवले. चारही चाकांना ताकद जाणारी पिकअप, मागच्या हौद्यात एक माणूस झोपवता येईल अशी. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याकडे वापरलेल्या दोन गाड्या मिळाल्या. एक डिझेलची, तीन वर्षांची. दुसरी पेट्रोलची, मूळची जीप, मागे रीतसर मंजुरी घेऊन हौदा बसवलेली. व्यापाऱ्याचा निर्णय झालेला होता. "डीझल ले लो, सेठ. पहाड़ पे पेट्रोल हाँफ जाएगा." आम्ही विलासला घेऊन गेलो. त्याने दोन्ही गाड्या चालवल्या, खाली आडवा होऊन पाहिल्या. मग हात पुसत म्हणाला, "पेट्रोलवाली घ्या."

आम्हाला हसू आले. मी म्हणालो, "विलास, तू? पेट्रोल?"

"मीच. तुमची वाट किती, सहा किलोमीटर. वेग किती, पंधरा. आठवड्यातून तीन फेऱ्या. बरोबर? या नव्या डिझेलच्या धुराड्यात चाळणी असते. काजळी अडकवते. गाडी मोठ्या रस्त्यावर पळाली की धूर तापतो आणि ती काजळी जळून जाते. तुमची गाडी पळणारच नाही, तर चाळणी जळणार कधी? भरत जाईल. भरली की गाडीचा कॉम्प्युटर ताकद काढून घेतो. चढावर काढून घेतली तर?"

"पण ओढा आहे," मी म्हणालो. "पाण्यात पेट्रोल बंद पडतं, प्लग भिजतात. हे तूच सांगायचास."

"आताही सांगतो. ओढ्यात गुडघ्याच्या वर पाणी असेल तर कुठलीच गाडी घालू नका. डिझेलनं पाणी ओढलं तर इंजिनच फुटेल. उतरून काठीनं बघायचं, मग घालायची."

"आणि ओढ? डिझेलला खालच्या वेगात ओढ जास्त."

"जास्तच आहे. म्हणून हिला लो गिअर दिलाय. हळू जाईल, पण जाईल."

निर्णयाच्या बैठकीला तो आला नाही. "मी बसलो तर माझं ऐकावं लागेल तुम्हाला," म्हणाला. बैठक माझ्या घरी झाली. कुणीतरी विचारले की हयात डिझेलमध्ये काढलेला माणूस पेट्रोल का सांगतो? त्याचे उत्तर मी दिले. मी म्हणालो, डिझेल घेतली तर गाडी त्याच्याच गॅरेजला येणार, आणि ते आपल्या तोंडाने सांगायचे त्याच्या जिवावर येते आहे. सगळ्यांना लगेच पटले. त्याच्या भिडेपायी त्याचे नुकसान होऊ द्यायचे नाही, असे आम्ही एकमताने ठरवले आणि डिझेलची गाडी घेतली. चाळणीचे जे कारण त्याने सविस्तर दिले होते, ते त्या बैठकीत कुणी उच्चारले सुद्धा नाही. मी गाडी घेऊन त्याच्या दारात गेलो तेव्हा त्याने बॉनेटवर हात ठेवला. "चांगली गाडी आहे," एवढेच म्हणाला. मला वाटले, तो खूश झाला.

गाडी चौदा महिने उत्तम चालली. आठवडाभर ती बदलापूर गावात किसनच्या दारात असे आणि शनिवारी संध्याकाळी तपासणीसाठी विलासच्या गॅरेजमध्ये येई. आम्ही एकमेकांना सांगत असू की निर्णय बरोबर ठरला.

त्या शनिवारी गाडी औषधांचे खोके घेऊन वर गेली आणि शेवटच्या पाड्यावर तिची ताकद गेली. किसनने ती तिथेच ठेवली आणि चालत खाली येऊन विलासला फोन केला. सोमवारी सकाळी दिवस भरलेल्या एका बाईला खाली आणायचे ठरलेले होते. विलास रविवारी सकाळी मोटरसायकलने डांबरी संपेपर्यंत गेला, आणि तिथून किसनबरोबर पाठीवर स्कॅनरची बॅग घेऊन सहा किलोमीटर चढला. ऑक्टोबरचे ऊन होते. पुढचे मला किसनने सांगितले, आणि मी त्याला ते तीन वेळा सांगायला लावले. तिन्ही वेळा त्यात फरक पडला नाही.

विलासने स्कॅनर जोडला. त्यातून हुकूम देऊन उभ्या गाडीतही काजळी जाळता येते, पण ती एका मर्यादेपर्यंतच. चाळणी त्यापलीकडे भरली होती. त्याने तीनदा प्रयत्न केला, वायर गुंडाळली आणि म्हणाला, "खालीच न्यावी लागेल." किसनने विचारले, "दादा, गाडीच खराब हाय का?" त्याने सांगितले, "गाडी चांगली आहे. हिला इथं आणायला नको होतं." मग तो चाकाला टेकून बसला आणि पाणी मागितले. शर्ट पूर्ण भिजला होता. डावा हात चोळत होता. किसनने त्याला पुढच्या सीटवर बसवले आणि गाडी काढली. ओढ्यापर्यंत उतार होता. ओढ्यानंतरचा चढ एरवी चार मिनिटांचा. त्या दिवशी गाडी तीनदा मागे आली, आणि वर यायला पंचवीस मिनिटे लागली. किसन रडायला लागला तेव्हा विलासने त्याला सांगितले, "घाबरू नको. लो मध्ये टाक. रेस सोडू नको..." तो शेवटचे बोलला ते हे. डांबरीवर फोनला रेंज आली, रुग्णवाहिका निघाली, बदलापूरकडे जाणाऱ्या धरणाच्या रस्त्यावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. तोपर्यंत तो गेला होता. मी डॉक्टरांना विचारले की ती पंचवीस मिनिटे वाचली असती तर? त्यांनी सांगितले, सांगता येत नाही. आणखी एकदा विचारले. उत्तर तेच होते.

ती बाई सोमवारी दुसऱ्याच्या जीपमधून खाली आली. मुलगी झाली.

जलदान विधीच्या दिवशी विहारातून परतल्यावर सुमनवहिनींनी, विलासच्या पत्नीने, मला आत बोलावले. मला वाटले, त्या काही कागदपत्रांचे विचारतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, रविवारची गाडी आता कोण फिरवणार?"

मला कळले नाही. मग त्यांनी सांगितले. गाडी आल्यापासून दर रविवारी सकाळी विलास ती बाहेर काढत असे. बदलापूर ओलांडून कर्जत रस्त्याला लागायचे, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते ठेवायचे आणि अर्धा तास कुठेही थांबायचे नाही. धूर तापवायचा, काजळी जाळायची, परत यायचे. "थांबलं की सगळं वाया, म्हणायचे. चहाला सुद्धा नाही थांबायचे," वहिनी म्हणाल्या. त्या दरवेळी शेजारी बसून जात. चौदा महिने. मी विचारले, त्याने आम्हाला का सांगितले नाही? "मी विचारलेलं. म्हणाले, सांगितलं तर त्यांना वाटेल मी चूक काढतोय. प्रेमानं घेतलीय माझ्यासाठी." म्हणजे आम्ही ती का घेतली, हे त्याला ठाऊक होते.

शेवटचे दोन रविवार तो नाशिकला होता. मुलीची बाळंतपणाची पहिली खेप. तो शुक्रवारी परतला. चाळणी भरत आली की गाडीत समोर एक दिवा लागतो, त्याविषयी मी किसनला विचारले. पिवळा दिवा लागत असे, तो म्हणाला. "शुक्रवारी लागतो, सोमवारी विझलेला असतो. मला वाटलं ती तिची खोडच हाय. ह्या वेळेला विझला नाय, तर मी बोललो, विझंल."

गाडीची चाळणी आता बदलून घेतली आहे. ही गाडी विकून पेट्रोलची घ्यायची, असे ठरले आहे. उल्हासनगरची ती जीप केव्हाच गेली, दुसरी शोधतो आहोत. मिळेपर्यंत पाड्यांवर हीच जाणार, म्हणून रविवारी ती फिरवावी लागते. गेल्या रविवारी मी गेलो. गॅरेजच्या दारात वहिनी उभ्या होत्या. हातात पाण्याची बाटली होती. त्या डाव्या बाजूने चढून बसल्या आणि काच खाली केली. मी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली. इंजिनाचा आवाज एवढा होता की बोलणे शक्य नव्हते. वांगणी मागे पडली. पिवळा दिवा कधी विझला ते माझ्या लक्षात आले नाही. वहिनींच्या आले, त्यांनी बोटाने दाखवला. शेलूच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बंद पडलेला वजनकाटा आहे. तिथे मी सरळ पुढे चाललो होतो. वहिनींनी हात बाहेर काढून मागच्या गाड्यांना खूण केली आणि म्हणाल्या, "इथून वळायचं. थांबू नका."