इंदूरच्या शाखेची वाट

"मूळ गाव कुठलं?"

काकांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य हेच. आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला नव्या घरी सामान चढवत होतो, माझ्या हातात मिक्सरचं खोकं, आणि हे गृहस्थ जिन्यात आडवे उभे. मी गाव सांगितलं. मग "आणि माहेरचं आडनाव?" तेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी धुंडाळलं आणि निराश होऊन बाजूला सरकले. त्यांच्या कुळातली एकही मुलगी आमच्या दोन्ही घराण्यांत दिलेली नव्हती, हे मला नंतर कळलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. निवृत्त, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसणारा, आणि आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतलेला. कोकणातून निघून कुठकुठे पांगलेल्या एका आडनावाच्या माणसांची पानं: कोण कुणाचा मुलगा, काय शिकला, नोकरी कुठे, बायकोचं माहेर कुठलं. काकांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढली आणि मग हे काम अंगावर घेतलं. त्यांच्या प्रश्नातून कुरियरवाला सुटला नाही की बँकेतली मुलगी. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घातलेला असतानाही काकांनी त्यांना मूळ गाव विचारलं होतं, असं ते डॉक्टरच सांगतात.

ते आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे, दुपारी तिथून त्यांचा आवाज यायचा. "नमस्कार, मी डोंबिवलीहून बोलतोय. आपल्या पणजोबांबद्दल थोडं विचारायचं होतं." पलीकडून बऱ्याचदा फोन कट व्हायचा. मी कधी समोर असले तर काका सावरून घेत म्हणायचे, "जेवायला बसले असतील." दुपारी चार वाजताही ते लोक जेवायला बसलेले असत.

जुन्या माणसांचं बोलणं ते छोट्या रेकॉर्डरवर टिपून घेत आणि कॉम्प्युटरवर चढवत. त्यातलं पहिलं रेकॉर्डिंग त्यांच्या ताईचं. ताई लग्नानंतर लवकरच विधवा होऊन खडवलीला माहेरी परत आली. आई गेलेली होती, तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. पुढे डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दोघं भाऊ-बहीणच राहिली. आम्ही यायच्या आधीच ती वारली होती. "नियमाने तिची माहिती सासरच्या कुळात जायला हवी," काका एकदा म्हणाले. "पण मी तिला आमच्याच पानावर घेतलीय. संपादक मीच आहे, अडवणार कोण?" एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यात मोडला असावा, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

एका रविवारी सकाळी ते वर आले. "अगं अनघा, तू ऑफिसात कॉम्प्युटरचंच बघतेस ना? जरा खाली ये. आमच्या पानांना काहीतरी झालंय."

मी ठाण्याच्या एका ऑफिसात हेच काम करते, त्यामुळे स्क्रीन पाहताक्षणी काय झालंय ते कळलं. तुमच्या सगळ्या फाइल्स कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा, या पत्त्यावर लिहा, असा इंग्रजी मजकूर होता. मी आधी इंटरनेटची वायर उपटली. मग मागे पाहिलं तर बॅकअपची हार्ड डिस्क मशीनलाच लावलेली, दिवा लुकलुकतोय.

"काका, ही कायम जोडलेली असते?"

"हो तर. काढली तर पुन्हा लावायची राहून जाईल. मी सावध माणूस आहे."

त्या सावधपणामुळेच तीही कुलूपबंद झाली होती. अशा वेळी मशीनपासून काढून कपाटात ठेवलेली प्रतच वाचते. पण काका प्रयोगशाळेतले. तिथे नोंद क्षणभरही बंद ठेवत नाहीत.

"तुम्ही कुठली मेल उघडलीत का?"

त्यांचा चेहरा उजळला. "इंदूरच्या शाखेचं उत्तर आलं होतं ना!" कुळातला एक पूर्वज घर सोडून इंदूरला गेला, त्यापुढचा माग लागत नव्हता. काकांनी त्या आडनावाचा जो कुणी इंदुरात सापडेल त्याला लिहिलं होतं, माहिती पाठवा म्हणून. आणि कुणा अनोळखी माणसाची मेल आली: सोबतची माहिती कृपया पाहावी. त्यांनी ती पाहिली.

अशा मेल कुणालाही, हजारोंनी जातात, हे मी नीट समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ते इंदूरहून नव्हतं?"

"नाही, काका."

"कुणीच लिहिलं नव्हतं?"

मी ऑफिसात फाइल गेल्याची बातमी कितीजणांना दिली आहे. लोक चिडतात, रडतातसुद्धा. काका खुर्चीत बसून फक्त शर्टाची बाही सारखी करत राहिले. मला फार वाईट वाटलं.

पैसे भरायचे नाहीत, भरूनही फाइल्स मिळतीलच असं नाही, हे मी बजावलं. स्क्रीनचा फोटो घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार केली. काकांनी मान डोलावली. पण काही दिवसांनी कळलं की गृहस्थ फोनवरून त्या चोरांशी पत्रव्यवहार करतायत.

"पैसे नाही दिले गं. नुसतं समजावलं. म्हटलं, ही मेलेल्या माणसांची नावं आहेत, तुम्हाला काय उपयोग? निदान माझ्या बहिणीचं रेकॉर्डिंग तरी द्या."

"आणि त्यांनी उत्तर दिलं?"

"दर वेळी! तासाभरात. आमच्या सगळ्या कुळात एवढा तत्पर माणूस नाही." मला हसू फुटलं, तेही हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "शेवटी त्यालाही मूळ गाव विचारलं. त्याचं मात्र उत्तर नाही आलं."

मी मशीन पूर्ण पुसून नव्याने उभं करून दिलं. पानं परत मिळायची एक वाट होती. काका प्रत्येक घराला त्या घराचं पान तपासायला मेलने पाठवत. पाठवलेली पत्रं त्यांच्या कॉम्प्युटरातच राहायची, म्हणून त्यांच्याकडे ती उरली नव्हती, पण समोरच्यांकडे होती. काकांनी पुन्हा फोन लावले. ज्यांनी पान कधी उघडून पाहिलं नव्हतं, तेही आता शोधू लागले. चोरी झाली म्हटल्यावर माणसं बरी बोलतात. एकेक पान येऊ लागलं. काका ते दोन डिस्कवर उतरवत, दोन्ही काढून एक कपाटात आणि एक माझ्याकडे ठेवत. "तू वरच्या मजल्यावर, म्हणजे परगावीच," असं त्यांचं म्हणणं.

बरीचशी पानं आल्यावर मी विचारलं, "आता कुठलं राहिलं?"

"आमचं."

"ते कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. पाठवणार कुणाला? तपासायला ताई होती."

"मग पुन्हा लिहा ना, काका."

"लिहीन. पण तिचा आवाज कसा लिहू?"

जुनी कुलूपबंद डिस्क टाकू नका, एवढं मी म्हणाले. कधी अशी टोळी पकडली जाते आणि कुलपाच्या किल्ल्या सगळ्यांना फुकट मिळतात. त्यांनी ती डिस्क ताईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि मला सांभाळायला दिली. अधूनमधून जिन्यात भेटले की विचारत, "किल्ली?" मी नकारार्थी मान हलवायची. "बरं," म्हणून ते खाली जात.

पुढच्या थंडीत काका गेले. छातीत कफ झाल्याचं निमित्त. बाळकुमला राहणारे त्यांच्या कुळातले एक गृहस्थ आले, त्यांनी सगळं केलं, घराला कुलूप लावलं. कुलवृत्तांतही त्यांनीच छापून घेतला आणि एक प्रत आठवणीने मला पाठवली. काकांची त्यात एक ओळ आहे: नाव, शिक्षण, नोकरी, अविवाहित. ताई नाही.

त्या टोळीची किल्ली यंदा आली. ऑफिसात अशा किल्ल्यांची यादी चाळणं हे माझं कामच आहे. घरी येऊन त्यांच्या डिस्कवर चालवली आणि फाइल्स एकेक करून उघडत गेल्या. मी ताईचं रेकॉर्डिंग लावलं.

"बंद कर रे ते यंत्र. भात निवतोय."

"ताई, आधी तुझी माहिती सांग."

"माझी काय माहिती? तुझी लिही आधी."

"माझी एका ओळीत संपते."

"संपते कशी? मी सांगते, तू लिही."

आणि ती सांगत जाते. हा उशिरा चालायला लागला, कुत्र्याला घाबरायचा, तापात माझा पदर सोडायचा नाही, पहिल्या पगारात मला चष्मा केला. काका मधेमधे हसतात, एका शब्दानेही अडवत नाहीत. शेवटी ती विचारते, "लिहिलंस ना सगळं?"

"लिहिलं, ताई."

मी त्यांचं पान उघडलं. पानभर ताईच होती. ती कशी परत आली, काय शिकली, मुलाला वाढवावं तसं भावाला कसं वाढवलं. तळाशी काकांची ती एकच ओळ. ताईने सांगितलेलं त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

घरात मी एकटीच होते. रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि ती बोलत गेली तसं मी त्या ओळीखाली लिहीत गेले.