एकोणतीस फुरशी

तुम्ही साप मोजलाय कधी? ठेचलेला नव्हे, जिवंत. नाही ना? मग यमुताईला हसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

नरखेड तालुक्यातल्या एका उघड्याबोडक्या दगडी टेकडीवर यमुताई बकऱ्या चारते. शाळा चौथीपर्यंत. फुरसं म्हणजे जेमतेम हातभर, पण जहाल विषारी साप. त्याच्या डोक्यावर पाखराच्या पावलासारखी खूण असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी, हे तिनं हेरलं. साठ बकऱ्या तोंडावरून ओळखणाऱ्या बाईला त्यात काय अवघड? लांब आकड्यानं दगड उचलायचा, भाचीनं, काजलनं, दुरून मोबाइलवर फोटो घ्यायचा, दगड होता तसा ठेवायचा. दोन सालं हेच.

पहिल्या साली आकडा आला चौसष्ट. मग फोटो शेजारी-शेजारी लावून पाहिले, तर नाल्यापाशी दिसलेली ‘लंगडी’, म्हणजे खुणेतलं एक बोट तुटकं असलेली, पळसाखालीही तीच! एकेक साप दोनदा-तीनदा मोजला गेला होता. यमुताईनं आपल्याच हातानं चौसष्ट खोडून एकोणतीस लिहिलं. त्यात पिल्लं फक्त चार. टेकडीवरची फुरशी संपत आली होती.

आणि तीच टेकडी फोडून गिट्टी काढायचा अर्ज पडलेला. नागपुरात सुनावणी लागली, तिथं यमुताईनं आपली मोजणी मांडली. खदानवाल्यांच्या पाहणीत साप शून्य! त्यांचा माणूस रोशन भर सभेत म्हणाला, “मावशी, पहिले चौसष्ट, आता एकोणतीस. बाकीचे बकऱ्यांनी खाल्ले का वं?”

सगळे खिदळले. यमुताई उठली.

“चूक माही होती गा, मीच खोडली. तुह्यं शून्य कोण खोडीन? मे महिन्यात भर दुपारी आला तू. त्या उन्हात तू गाडीच्या खाली नाही उतरला, साप काहून बाहेर येईन?” मग सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे वळून, “साहेब, श्रावणात सकाळी या. एकोणतीस एका दिवशी नाही दिसणार. पण एक जरी दिसलं, तरी याचं शून्य खोटं.”

साहेबानं फेरपाहणी लिहून दिली. अट एकच, साक्षीला वीस माणसं हवीत, गावची असोत की शहरची. रोशनच्या धाकानं गावातून अकराच तयार झाली.

नऊ कमी आहेत. तुम्ही या. बूट घालून या, आणि उचललेला दगड होता तसाच ठेवा.