खांद्यावरची दस्ती

आमदार होण्याआधी मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहिली आणि मग बरीच वर्षं हमालांची युनियन चालवली. वाटाघाटीची आमची एक रीत होती. पुढारी बसल्याबरोबर आपली दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, समोर टेबलावर ठेवायचा. समोरच्याचं म्हणणं मान्य नसलं, की एक शब्द न बोलता ती उचलून खांद्यावर टाकायची आणि उठायचं. मागची माणसंही उठायची. आरडाओरड्यापेक्षा अडत्यांना हे जास्त झोंबायचं.

गेल्या हंगामात त्याच मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्याच्या वजनावरून संप झाला. हमालांची मागणी साधी होती: बारा महिने पोतं पन्नास किलोचंच. अडते हंगामापुरतं साठ किलो म्हणून अडून बसले. मध्यस्थ म्हणून मला बोलावलं. नांदेडहून निघालो आणि लोह्याजवळ पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा फोन आला. अडते आपली माणसं आहेत, साठावर मिटवा, पुढच्या तिकिटाचं आम्ही बघू. माझा स्वतःचा मणका पोत्यांनीच गेलेला, तरी मी 'बघतो' म्हणालो. हे 'बघतो' आमदारकीत माझ्या तोंडात चांगलंच बसलं होतं.

विश्रामगृहात एका बाजूला अडते, दुसऱ्या बाजूला हमाल आणि मधोमध माझी गादीची खुर्ची. घाम पुसून दस्ती टेबलावर ठेवली. अडत्यांचा म्होरक्या गोड आवाजात म्हणाला, दहा किलोनं काय असा फरक पडतो? तेवढ्यात माझा हात आपोआप गेला. दस्ती खांद्यावर आणि मी उभा. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि सगळे हमाल माझ्या मागोमाग बाहेर आले.

व्हरांड्यात आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मध्यस्थच संपकऱ्यांबरोबर उठून आला होता. तिकीट गेलं ते गेलंच, पण माझ्या सवयीपायी या लोकांचा संप लांबणार, या विचारानं जीव खालीवर होत होता. आत जाऊन अडत्यांची माफी मागावी, असंही मनात आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

थोड्या वेळानं अडत्यांचा मुनीम बाहेर आला. आमदारच उठून गेला म्हणजे सरकारही हमालांच्या बाजूनं आहे, अशी आतल्यांची समजूत झाली होती. पन्नास मान्य, बारा महिने, लिहून देतो म्हणाले. ती समजूत मी काही दूर केली नाही. सह्या झाल्या तेव्हा कुठं मला मोकळा श्वास घेता आला. जिल्हाध्यक्षांचा फोन वाजत होता, तो वाजू दिला.

बाहेर माझ्या जुन्या टोळीचा मुकादम चहा घेऊन आला. कप माझ्या हातात देत म्हणाला, "आमाला वाटलं, तुमी आता उठायचं इसरलाव."

"मलाबी तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.