म्हाळूआप्पांची भाकणूक

वर्षातून एक दिवस म्हाळूआप्पांचं सगळे ऐकत. बाकीचे दिवस कोणीही ऐकत नसे.

केंदूरच्या पलीकडे माळावर धनगरांची वस्ती आहे, तिथले हे आप्पा. थोडी कोरडवाहू जमीन, मेंढरांचा कळप, आणि बोलण्याचा भारी सोस. पण वाक्य कुठून सुरू करून कुठे संपवावं याचा काही ताळमेळ नसे. मेंढीच्या खुरांपासून निघायचे आणि चुलत्याच्या लग्नात मुक्कामाला पोचायचे. ते बोलायला लागले की मुलगा हनुमंत रांजणगावची कंपनीची बस चुकेल म्हणून चपला शोधू लागे. बायको रतनबाई भाकरी थापता थापता म्हणत, "तुमाला काय कळतंय त्यातलं?" ग्रामसभेत आप्पा उभे राहिले की शेजारच्यांना नेमकी तंबाखू मळायची आठवण होई.

कार्तिकातल्या जत्रेचा दिवस मात्र निराळा. बिरोबाच्या देवळापुढे ढोल घुमायला लागले, भंडाऱ्यानं अंगण पिवळं झालं, की दिवसभर उपाशी असलेल्या आप्पांच्या अंगात येई. खांद्यावर घोंगडी, हातात देवाची काठी, आणि तोंडून पुढल्या वर्षाचं भाकीत. हीच भाकणूक. आप्पांच्या आधी ती त्यांचे वडील सांगत, त्यांच्या आधी आजोबा. "ढग उगवतीला लोळंल, मावळतीला गळंल," असं काहीबाही निघे आणि माणसं वर्षभर त्याचा अर्थ लावत बसत. आप्पांना मात्र शुद्धीवर आल्यावर त्यातलं अक्षर आठवत नसे. तांब्याभर पाणी पिऊन ते बायकोला विचारत, "काय म्हणलो गं?"

दोन हजार तीनच्या दुष्काळात आप्पांचा निम्म्याहून जास्त कळप गेला. विकायला काढली तेव्हा मेंढरांची नुसती हाडं राहिली होती, खाटीक हात लावायला तयार नव्हते. एक गाभण मेंढी आप्पांनी खांद्यावर टाकली आणि जनावरांच्या छावणीपर्यंत चालत नेली. छावणी गाईबैलांची होती, शेळ्यामेंढ्यांना तिथं जागा नव्हती. आप्पा दारातच बसले. मेंढीनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं ते पुन्हा उचललं नाही. तेव्हापासून मेंढरं आणि दुष्काळ यांबद्दल कोणीही चार शब्द सांगणार असेल, तर आप्पा तिथं जाऊन पुढं बसत. बोलण्याचा सोस असलेला माणूस ऐकायला शिकला तो असा.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या मेंढपाळांचा एक संघ होता. लोकर विकणं, लसी आणणं, चराईची भांडणं मिटवणं ही त्याची कामं. पुढं चारपाच वर्षांनी या संघाला सल्ला द्यायला तज्ज्ञ येऊ लागले. हवामान बदलतंय, त्याला मेंढपाळांनी तोंड कसं द्यायचं, हा विषय. तिघं होते. त्यातले दोघे पुण्याचे, भले, पण मेंढरू जवळ आलं की पँट सावरणारे. तिसरी प्राची. राहू गावच्या बौद्धवस्तीतल्या पोपटरावांची लेक, शेतीशास्त्रात डॉक्टर झालेली. ती मेंढरांच्या वाड्यात शिरून मेंढीची पापणी उलटून बघे, म्हणून माणसं तिच्याशी बोलत.

तज्ज्ञांचं म्हणणं साधं होतं. पाऊस पहिल्यासारखा राहिलेला नाही. माळ कारखान्यांनी घेतले, नदीकाठ उसानं घेतला, चरायला उरलंय थोडं. तर दिवाळीनंतर, मेंढरं अंगानं भरलेली असतात तेव्हाच निम्मी विकून टाका. चांगल्या माद्या ठेवा, त्यांच्यापुरता चारा साठवा. उन्हाळ्यात हाडं विकण्यापेक्षा हे बरं. शिरूरच्या हॉलमध्ये त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मसालेभात खाल्ला आणि घरी जाऊन काहीएक केलं नाही. धनगराला निम्मा कळप विकायला सांगणं म्हणजे निम्मी पोरं कुणाला तरी देऊन टाक म्हणण्यासारखंच.

आप्पा तेवढे मागे थांबले. "ताई, म्हंजी पुढला उन्हाळा कडक हाय, असंच ना?"

"तसं नाही सांगता येत, आप्पा," प्राची म्हणाली. "वाईट वर्षं आता लवकर लवकर येतील, अशी शक्यता आहे. येणाराच उन्हाळा वाईट निघेल, असं नाही."

"मग इकायची कशाला?"

"तुम्ही घोंगडी घेऊन बाहेर पडता. पाऊस येणारच म्हणून थोडीच घेता?"

आप्पांना हे मनापासून पटलं. परतीच्या एसटीत ते शेजारच्या माणसाला 'शक्यता' म्हणजे काय ते समजावत बसले. तो बिचारा आपलं गाव यायच्या आधीच उतरला.

संघाचे सेक्रेटरी साहेबराव होते व्यवहारी. तज्ज्ञांचा सल्ला कोणी मनावर घेत नाही, हे बघून त्यांनी एक शक्कल काढली. प्राचीला गाडीत घालून ते थेट आप्पांच्या दारात आले. "आप्पा, जत्रंत भाकणुकीत सांगून टाका, निम्मी इका म्हणून. तुमच्या एका शब्दात काम हुतंय."

आप्पांचा चेहरा उतरला. "साहेबराव, त्ये माझं बोलणं नसतंया. देवाच्या तोंडात मी शब्द घालू व्हय?"

प्राचीही गाडीतून उतरली ती रागानंच. "मला हे आधी सांगितलं असतंत तर मी आलेच नसते. माझा देवावर विश्वास नाही, तो माझा प्रश्न. पण यांचा आहे. आणि आमचं बोलणं शक्यतेचं, देवाचं बोलणं पक्कं. उद्या उन्हाळा बरा गेला तर यांनी लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

देव न मानणारी ही पोर आपल्या देवाची अब्रू राखतेय, हे आप्पांच्या मनात फार खोल गेलं. पण त्याबरोबर तो कळपाचा विषयही गेला. मेंढरं वळताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यावर, तेच. छावणीच्या दारातली मेंढी डोळ्यांपुढून हलेना. सांगावं तर देवाशी खोटेपणा, न सांगावं तर पुन्हा ती हाडं. शेवटी त्यांनी ठरवलं, भाकणुकीत यातलं काही येता कामा नये. आपण आपल्या तोंडानं, जमेल तसं, एकेकाला सांगू.

जत्रा भरली. ढोल घुमले, भंडारा उधळला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" झालं. आप्पा थरथरू लागले, काठी आपटली गेली आणि बोलणं सुरू झालं.

शुद्धीवर आले तेव्हा रतनबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. अंगण नेहमीपेक्षा गप्प होतं.

"काय म्हणलो गं?"

रतनबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "ढग लोळंल म्हणला. ज्वारी महागंल म्हणला. मग म्हणला, निम्मी मेंढरं इका, उन्हाळा कडक जायाची शक्यता हाय."

पाणी न पिताच आप्पांनी तांब्या खाली ठेवला.

साहेबरावांनी लांबूनच हात जोडले, खुशीत. प्राची आली होती, ती पडवीच्या खांबाशी उभी होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं, आणि ते जास्त लागलं. आप्पा तिच्याकडं गेले आणि कपाळाच्या भंडाऱ्याला हात लावून म्हणाले, "ताई, ह्याची आण. मी ठरवून न्हाई बोललो." तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते त्यांना कळलं नाही.

वस्तीनं मेंढरं विकली. यवतच्या बाजारात एकामागून एक कळप गेले. पुतळाबाई म्हणून एक विधवा होती, तिच्याजवळ मोजकीच मेंढरं, तिनंही निम्मी विकली. आप्पांनी आपली विकली तेव्हा पाठमोऱ्या मेंढरांकडं बघवेना म्हणून ते चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मनात एकच भुंगा होता. बोललं कोण? देव, की आपल्याच डोक्यात घुसलेलं ते सगळं? आणि हे जर आपलं असेल, तर मागच्या इतक्या वर्षांचं काय? वडिलांचं काय? हा प्रश्न त्यांनी रतनबाईंनाही विचारला नाही. बोलका माणूस मुका झाला.

आणि झालं ते असं, की फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला. चांगला दणकून झाला. माळ हिरवा झाला, ओढ्याला पाणी आलं. उन्हाळा असा गेला की मेंढरं दुप्पट असती तरी जगली असती. यवतच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं आप्पांना ओळखून हसत हसत विचारलं, "काय आप्पा, औंदा तुमचा बिरोबा चुकला की!"

वस्तीतलं कोणी तसं म्हणालं नव्हतं. पण वस्ती गप्प होती, आणि आप्पांना ती गप्प राहिलेली माणसं त्या व्यापाऱ्यापेक्षा जड झाली. आपली अब्रू गेली तर गेली. देवावर बोल आलेला त्यांना सोसवेना.

पुढल्या अमावस्येला माणसं देवळात जमली तेव्हा आप्पांनी देवाची काठी पायरीवर ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा ते सरळ मुद्द्यावर आले.

"बिरोबा न्हाई चुकला. त्ये माझं बोलणं हुतं. ताईंनी शिकिवलेलं डोक्यात बसलं हुतं, त्येच भाईर आलं. मुद्दाम न्हाई केलं, पर झालं माझ्या तोंडून. हितनं पुढं ही काठी माझ्या हातात नगं. तुमचं नुस्कान झालं, त्याला देव जबाबदार न्हाई. मी हाय."

मग मागून पुतळाबाई म्हणाली, "आप्पा, खाली बसा. आमाला तवाच कळलं हुतं."

"काय कळलं हुतं?"

"आवं, आमचा बिरोबा आजवर कवा 'शक्यता' म्हणला का?"

सगळी वस्ती हसली. आप्पा मात्र उभेच. "मग कुणी बोललं का न्हाई?"

"जत्रंत चार गावांपुढं तुमचा पानउतारा कशापायी करायचा?"

"आन् ठावं हुतं, तरी मेंढरं का इकली?"

पुतळाबाईला हा प्रश्नच विचित्र वाटला. "तुमी म्हणला म्हणून. छावणीच्या दारात मेंढी मांडीवर घिऊन बसलेलं बघितलंया मी तुमाला. असा माणूस उगाच सांगंल व्हय, निम्मी इका म्हणून?"

आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ज्या दिवशी आपण नसतो, देव असतो, त्याच दिवशी आपलं ऐकतात, असं ते जन्मभर समजत आले होते. त्यांना खूप काही बोलायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

काठी त्यांनी परत उचलली नाही. देवाचं देवापाशी राहिलं. पुढल्या कार्तिकापासून भाकणूक त्यांचा पुतण्या बिरदेव सांगू लागला.

त्या अमावस्येला देवळातून घरी जाताना माळ अजून हिरवा होता. रतनबाई नेहमीप्रमाणे पुढं चालत होत्या. मध्येच त्या वळल्या आणि म्हणाल्या, "औंदा किती ठेवायची मेंढरं?"

आणि आप्पा काय सांगतात ते ऐकायला त्या वाटेतच उभ्या राहिल्या.